काळजी घ्यावी, पण उशाशी ठेवू नये
(पंडिता रमाबाई यांच्या जीवनातून)



संध्याकाळी घरभेटीसाठी आम्ही निघतो तेव्हा प्रार्थना होते, चहा होतो, मुलांच्या अभ्यासाची विचारपूस होते. आणि चपला घालून निघताना, दारापाशी, कुणीतरी हळूच सांगते की फादर, रात्री झोप लागत नाही. कुणाच्या डोक्यावर घराचे कर्ज असते. कुणाची कंपनी बंद पडलेली असते आणि ते अजून शेजाऱ्यांना सांगितलेले नसते. कुणाची मुलगी मुंबईहून शेवटच्या गाडीने परतते. कुणाचा मुलगा आखातात आहे आणि आठ दिवस त्याचा फोन आलेला नसतो. पहाटे पाचला उठून डबा करायचा, सहाची लोकल पकडायची, हे ठाऊक असते. तरी रात्री एक वाजता पंखा फिरत असतो आणि डोळ्याला डोळा लागत नाही.

आम्हीही याला अपवाद नाही. एका पावसाळ्यात देवळाचे छत गळू लागले तेव्हा दुरुस्तीच्या खर्चाचे आकडे आम्ही रात्री दोन वाजता छताकडे बघत मांडत होतो. बेरीज एकदाही जमली नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ग्रीक विचारवंतांचे एक सूत्र पाठ केले होते. काही गोष्टी आपल्या हाती असतात, काही नसतात, आणि या दोहोंतला फरक ओळखणारा माणूस शांत राहतो, असे ते सूत्र. परीक्षेत त्यावर आम्हाला चांगले गुण मिळाले. पण रात्री दोन वाजता ती उत्तरपत्रिका काही उपयोगी पडली नाही. तत्त्व पटणे वेगळे आणि पाठ टेकल्यावर डोळा लागणे वेगळे.

म्हणून या रविवारी आपण एका माणसाचे जीवन पाहणार आहोत. ही एक स्त्री आहे. एके काळी तिची झोप अशी उडाली होती की रात्री तिच्या खोलीत सोबतीला दुसऱ्या कुणाला तरी झोपवावे लागे. त्याच स्त्रीने पुढे सुमारे दोन हजार बायका-मुलांच्या अन्नाचा आणि निवाऱ्याचा भार उचलला. त्या पंडिता रमाबाई. कल्याणहून पुण्यामार्गे सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीत आपण बसलो तर पुण्यापुढे, दौंडच्या अलीकडे, केडगाव स्टेशन लागते. तिथे त्यांचे मुक्ती मिशन आजही उभे आहे. रमाबाई आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. पण प्रभूची खूण जिथे दिसते तिथे ती ओळखावी, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आपल्याला शिकवलेच आहे.

वाळूतली रात्र

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ येथील रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये या समजुतीला न जुमानता त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले होते. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या पेटीत घातलेल्या या तान्ह्या मुलीला नोकराने डोक्यावर घेऊन डोंगर उतरवला. पुढे त्यांचे सारे बालपण रस्त्यातच गेले. घरकामातून दिवसा वेळ मिळत नसे, म्हणून आई उजाडण्यापूर्वीच झोपेतल्या मुलीला लाडाने उठवी आणि श्लोक शिकवी. बाराव्या वर्षापर्यंत रमाबाईंना भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले होते.

मग दुष्काळ आला. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात माणसे अन्नावाचून मरू लागली. पुराण सांगून मिळणारी दक्षिणा थांबली. होते ते विकून झाले. मजुरी करावी तर घराण्याची प्रतिष्ठा आड येई, भीक मागावी तर लाज. अखेर कुणाच्या नजरेस न पडता मरावे म्हणून हे कुटुंब रानात गेले. अकरा दिवस आणि अकरा रात्री त्यांनी पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण तिघेही गेले. आईला उचलायला पुरेसे खांदेकरी मिळेनात. रमाबाई उंचीने लहान होत्या, त्यांचा खांदा पुरेना. म्हणून त्यांनी तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली.

उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघांनी भारतभर हजारो मैल पायी प्रवास केला. अंगावर पुरेसे कपडे नाहीत, पायात वहाणा नाहीत. रात्री झाडाखाली नाहीतर पुलाच्या कमानीखाली झोपायचे. पंजाबात झेलम नदीच्या काठी एका रात्री थंडी इतकी होती की दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यात आडवे झाले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली.

आपल्या घरात निदान पांघरूण आहे. पण हे सांगून कुणाची चिंता हलकी होत नाही हे आम्ही जाणतो. दुसऱ्याचे दुःख मोठे म्हणून आपले लहान होत नसते. ही हकिकत सांगण्याचे कारण वेगळे आहे. चिंता न करण्याविषयी जी स्त्री आपल्याला काही शिकवणार आहे, तिला उद्याच्या भाकरीची भ्रांत म्हणजे काय हे नीट ठाऊक होते.

भावाचा घोर

१८७८ साली भाऊ-बहीण कलकत्त्यास पोहोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. दिवस पालटतील असे वाटत असतानाच ढाक्यात श्रीनिवास आजारी पडले. आपले काय होईल यापेक्षा आपल्यामागे या एकट्या बहिणीचे काय होईल, याच काळजीने त्यांचा जीव कासावीस होत होता. तो घोर त्यांनी बोलून दाखवला. रमाबाईंनी त्यांना सांगितले की तुझी आणि माझी काळजी घ्यायला देवावाचून आहेच कोण. हे ऐकून श्रीनिवास म्हणाले की देवच काळजी घेणार असेल तर मग आपल्याला कशाचेच भय नाही. ८ मे १८८० रोजी त्यांनी प्राण सोडला.

हा प्रसंग रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवला आहे. तोपर्यंत त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. परंपरेने दिलेल्या देवांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. तरीही मरणाऱ्या भावाच्या उशाशी बसून त्यांच्या तोंडून हेच निघाले. श्रीनिवासांची परिस्थिती त्या वाक्याने बदलली नाही. बहीण एकटीच राहणार होती. बदलले ते एवढेच, की तिच्या काळजीचा भार आपल्या मरणाऱ्या हातांतच राहिला पाहिजे हा हट्ट त्यांनी सोडला.

उडालेली झोप

पण एकदा गवसलेली शांती कायम टिकते असे नाही. जून १८८० मध्ये रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. मुलगी मनोरमा झाली. दोन वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पती कॉलऱ्याने गेले. तेविसाव्या वर्षी वैधव्य आले. त्या पुण्यास परतल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ साली तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या.

तिथे एक भयंकर गोष्ट घडली. त्यांच्यासोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण गेली होती. परका देश आणि धर्म बदलावा लागेल ही धास्ती यांनी तिचे मन खचले. संस्कृतचे जर्मन पंडित मॅक्स म्युलर यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की तिने एका रात्री रमाबाईंचा गळा दाबण्याचा प्रयत्न केला आणि ते साधले नाही तेव्हा विष घेऊन स्वतःचे जीवन संपवले. त्यानंतर रमाबाई ऑक्सफर्डला म्युलर यांच्या घरी राहिल्या. त्यांची मनःस्थिती इतकी ढासळली होती की रात्री त्यांच्याच खोलीत झोपण्यासाठी एक मोलकरीण ठेवावी लागली.

बंधू-भगिनींनो, इथे आपण क्षणभर थांबू. ज्या मुलीने झेलमच्या काठी वाळूच्या खड्ड्यात रात्र काढली, तिला ऑक्सफर्डच्या ऊबदार घरात एकटीने झोपवेना. यात कमीपणा कसला? आणि म्युलर यांच्या घराने काय केले? विश्वास ठेवा म्हणून उपदेश केला नाही. खोलीत एक माणूस झोपायला दिले. राजांच्या पहिल्या ग्रंथातील एलिया संदेष्ट्याची गोष्ट आठवा. जीव नकोसा होऊन तो झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला रागे भरले नाही. भाकर आणि पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. आपल्या घरात कुणाची झोप उडाली असेल तर उपदेश नंतर करावा. आधी सोबत द्यावी.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. वाढत्या बहिरेपणामुळे डॉक्टर होण्याचा विचार सोडावा लागला होता. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या, त्याला निमित्त झाले आपल्या कल्याणचे. कल्याणच्या जोशी घराण्यातली लेक, डॉक्टर आनंदीबाई जोशी, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात पदवी घेणार होती. त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. पुढच्याच वर्षी आनंदीबाई क्षयाने गेल्या. रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले आणि ते त्यांनी आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले.

अमेरिकेतल्या मित्रांनी दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. १८९३ साली धर्मांतराच्या वादातून अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागारांनी राजीनामे दिले. या धकाधकीत रमाबाईंच्या अंतःकरणात एक बदल झालेला होता. सुमारे १८९१ पासून त्यांना जाणवू लागले होते की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण प्रत्यक्ष ख्रिस्ताच्या स्वाधीन व्हायचे राहूनच गेले. त्यांनी तसे केले, आणि तिथून त्यांच्या लिखाणात एक स्वस्थता दिसू लागते.

केडगावचा माळ

त्या स्वस्थतेची कसोटी १८९६-९७ च्या दुष्काळात लागली. मध्य प्रांतात माणसे भुकेने मरत आहेत, पोरक्या मुली वाममार्गाला लावल्या जात आहेत, अशा बातम्या आल्या. रमाबाईंचे पाऊल आधी अडखळले. पैसे नव्हते, आणि अमेरिकेतल्या मदतीची दहा वर्षे संपत आली होती. पण रानातले ते अकरा दिवस त्या विसरल्या नव्हत्या. त्या निघाल्या आणि सुमारे तीनशे मुली आणि बायका घेऊन आल्या.

त्याच वेळी पुण्यात प्लेग होता. इतक्या माणसांना शहरात ठेवायला सरकारी परवानगी मिळेना. केडगावला त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन आधी घेतली होती. उघड्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तेच पुढे मुक्ती सदन झाले. १८९९-१९०० साली छप्पन्नचा दुष्काळ म्हणून ओळखला जाणारा मोठा दुष्काळ पडला, तेव्हा गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या. केडगावच्या वस्तीची संख्या सुमारे १,९०० वर गेली.

एवढ्या माणसांचे दोन वेळचे जेवण म्हणजे काय, हे आपल्या सणाच्या जेवणाचे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या भगिनींना विचारावे. आणि हे एका दिवसाचे नाही, वर्षानुवर्षांचे. ठरलेले उत्पन्न नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे जॉर्ज म्युलर यांनी देवावर भार टाकून अनाथालये चालवली, त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. असा विश्वास आपल्या देशात ठेवता येईल का, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि ठेवून पाहिला.

पण देवावर भार टाकला म्हणजे त्या हात जोडून बसल्या नाहीत. अमेरिकेची मदत कधीतरी थांबणार हे ओळखून त्यांनी आधीच जमीन घेतली होती, फळझाडे लावली होती. विहिरी खोदल्या. शेती, दुभती जनावरे, हातमाग, तेलघाणा, छापखाना असे उद्योग उभे केले आणि ते मुलींच्या हाती दिले. मनोरमा अमेरिकेतून ब्रेल लिपी शिकून आली आणि अंध मुलींना शिकवू लागली. सुंदराबाई पवार, मिनी अब्राम्स अशा सहकाऱ्यांवर त्यांनी काम सोपवले. सगळे आपणच वाहिले पाहिजे हा अट्टाहास धरला नाही.

घेणे आणि करणे

आपल्या मराठी भाषेत एक शहाणपण दडलेले आहे. आपण म्हणतो, काळजी घे. आणि आपणच म्हणतो, काळजी करू नकोस. शब्द एकच, क्रियापद वेगळे. काळजी घेणे म्हणजे विहीर खोदणे, झाड लावणे, कर्जाचा हप्ता बाजूला ठेवणे, तपासणीसाठी डॉक्टरकडे जाणे, मुलाशी बसून बोलणे. ते दिवसाचे काम आहे आणि त्याला हातपाय लागतात. काळजी करणे म्हणजे अंधारात पडून तीच विहीर शंभर वेळा मनात कोरडी पाडणे. मन चिंती ते वैरी न चिंती, असे आपल्या वाडवडिलांनी उगीच म्हटलेले नाही.

रमाबाईंनी आयुष्यभर काळजी घेतली. जे त्यांच्या हातातले होते ते चोख केले आणि जे नव्हते ते देवाच्या हवाली केले. पक्ष्यांचे उदाहरण देऊन प्रभू येशूने मत्तयच्या सहाव्या अध्यायात हेच शिकवले, आणि वादळात नावेच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपून दाखवले. मात्र तो दिवसभर शिकवून थकलेला होता, हेही विसरू नये. त्याची झोप काम टाळणाऱ्याची नव्हती.

या शिकवणीची शेवटची परीक्षा रमाबाईंना म्हातारपणी द्यावी लागली. संस्थेचा भार पुढे उचलील अशी एकुलती एक मुलगी मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी गेली. आपल्यामागे या सगळ्यांचे कसे होणार, हा ढाक्यातल्या भावाचाच प्रश्न चाळीस वर्षांनी बहिणीसमोर उभा राहिला. रमाबाईंनी दुःख गिळले आणि हाती असलेले काम पुढे चालू ठेवले. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्या अनेक वर्षे करीत होत्या. केडगावच्याच छापखान्यात मुली त्याची छपाई करीत. असे सांगतात की शेवटची मुद्रिते तपासून व्हावीत एवढी मुदत त्यांनी देवाजवळ मागितली, ते काम हातावेगळे केले आणि झोपेतच प्रभूकडे गेल्या. तो दिवस होता ५ एप्रिल १९२२. ज्या संस्थेचे पुढे कसे होणार असे कुणालाही वाटले असते, ती शंभर वर्षांनंतरही चालू आहे.

आज रात्री

तर आज रात्री आपण काय करावे? जेवण झाल्यावर, टीव्ही आणि मोबाईल बंद करून, एक कागद घ्यावा. एका बाजूला उद्या आपण करू शकतो अशी कामे लिहावीत. बँकेत जाऊन विचारणे, अमक्याला फोन करणे, एवढी लहान. दुसऱ्या बाजूला आपल्या हाती नसलेल्या गोष्टी लिहाव्यात. कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी ती दुसरी बाजू एकेक नाव घेऊन देवाला वाचून दाखवावी आणि कागद तिथेच वेदीवर ठेवून झोपायला जावे. पहिल्याच रात्री झोप लागेल असे वचन आम्ही देत नाही. सवय व्हायला दिवस लागतात.

दुसरे, एकट्याने सोसू नये. नवऱ्याने बायकोला, बायकोने नवऱ्याला, मुलांनी आईवडिलांना सांगावे. आमचे दार उघडे आहे. आणि आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. तो विश्वासाचा अभाव नव्हे. ज्या देवाने एलियाकडे देवदूत पाठवला तो आपल्याकडे डॉक्टरही पाठवू शकतो.

आणि तिसरे. केडगावच्या माळावर दुष्काळातून आलेल्या त्या शेकडो मुली रात्री झोपू शकल्या, कारण कुणीतरी त्यांची काळजी घेतली. ज्याचा पगार थांबला आहे त्याला नुसते चिंता करू नकोस म्हणून भागत नाही. आपल्या धर्मग्रामात, आपल्याच इमारतीत, अशी एक खिडकी असेल जिथला दिवा रात्री उशिरापर्यंत जळत असतो. तिथल्या माणसाची झोप कदाचित आपल्या हाती आहे. एखाद्या महिन्याचे वाण्याचे बिल, मुलाची फी, दवाखान्यात बसायला सोबत, नोकरीसाठी एक शब्द. मिस्सेनंतर विन्सेंट डी पॉल संघाचे बंधू दारापाशी उभे असतात, त्यांच्याशी बोलावे. आपल्या कागदाच्या पहिल्या बाजूला हेही एक काम आज लिहून ठेवू या.

प्रभू आपणा सर्वांना शांत रात्र देवो.

ख्रिस्ताठायी आपले,
धर्मगुरू